शनिवारी सही होत नाही

प्रार्थनालयात मोजून पुढील वस्तू होत्या: सागवानी बाकं अकरा, त्यांतलं एक तीन पायांचं, चौथ्या पायाच्या जागी विटा, छताला टांगलेले काचेचे दिवे सात, पंखे तीन, पैकी फिरणारे दोन, भिंतीवरचं घड्याळ एक, बंद, हेखाल नावाच्या कपाटात सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, एक, मागच्या खोलीत मलिद्याची ताटं चोवीस, लोखंडी खाट एक, आणि खाटेखाली कोणाची ते कोणालाच माहीत नसलेली बॅडमिंटनची रॅकेट. मूर्ती शून्य. घंटा शून्य. कळस शून्य. प्रार्थनेला नेमाने येणारे पुरुष नऊ.

ही मोजदाद मी हौसेने केली नव्हती. मालमत्ता कराची नोटीस आली होती. पाहणीला आलेल्या कोणा कर्मचाऱ्याने आत डोकावून बाकं पाहिली, देव दिसला नाही, आणि त्याने टॅबवर नोंदवलं, 'बहुउद्देशीय सभागृह, बिगरनिवासी.' मी त्याला दोष देत नाही. उपलब्ध पुराव्यावरून मीही तोच निष्कर्ष काढला असता. नोटिशीत पुढे लिहिलं होतं की जागा सार्वजनिक उपासनेची असल्यास पंधरा दिवसांत तसं पाहणीअंती सिद्ध करावं, नाहीतर सभागृहाच्या दराने कर भरावा.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. पनवेलमधली आमची बहुतेक घरं केव्हाच इस्रायलला गेली. उरलेल्यांत मी सर्वांत तरुण, नुकतीच फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली आणि नोकरी शोधणारी. नोकरी शोधणं हे दिवसाचे सहा तास चालणारं काम आहे, पण बाहेरून पाहणाऱ्याला ते रिकामपणासारखं दिसतं. त्यामुळे नोटीस माझ्या हातात आली.

"जेरुशा सायन्सची आहे," रिवका आंटी म्हणाली. "तिला फॉर्म जमतात."

ट्रस्टचे सेक्रेटरी बेन अंकल ठाण्याला असतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "कर लागला तर बंद करायचं. सेफेर ठाण्याला नेऊ. नऊ माणसांसाठी सभागृहाचा कर कुठून भरणार? मी आजचं बोलत नाहीये, दोन वर्षांपासून सांगतोय."

फोन स्पीकरवर होता. सॉल अंकल समोर बसले होते. त्यांचं वय एकोणऐंशी. गेली एकेचाळीस वर्षं दर शनिवारी प्रार्थनालयाचं दार तेच उघडतात आणि प्रार्थनाही तेच म्हणतात. ते उठले, तेलाची कुपी आणली, आणि दाराच्या बिजागरीत तेल घालत बसले. बिजागरी कुरकुरत नव्हती. मी तपासलं.

आता शेजाऱ्यांविषयी. मला सल्ला नको होता, पण पनवेलमध्ये नोटीस दारावर चिकटवतात, त्यामुळे सल्ला आपोआप येतो. समोरच्या ब्युटी पार्लरची दिपिका म्हणाली, "एलईडीचा बोर्ड लाव. देव कसा झगमगला पाहिजे."

"आमचा देव दिसत नाही गं."

"म्हणून तर सांगतेय!"

शेजारच्या टॉवरमधले उदयसिंहकाका तळोज्याच्या एका केमिकल फॅक्टरीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेत. ते अजूनही प्रत्येक गोष्टीत गळती शोधतात.

"मी तुमच्या विरोधात नाही, जेरुशा," ते म्हणाले. "मी सगळ्यांच्याच विरोधात आहे. देऊळ, मशीद, चर्च, तुमचं हे. सांडपाणी सगळ्यांचं एकाच नाल्यात जातं ना? मग सूट कशाला?"

"काका, लोकांना आधार मिळतो अशा जागांचा."

"आधार मला माझ्या सोफ्यावर मिळतो. त्याचे चौरस फूट कोणी वजा केले? माझ्या देव्हाऱ्याची दोन बाय दोनची जागा बिलातून काढली? मीही तिथे रोज हात जोडतो!"

मी घरी येऊन वहीत दोन रकाने केले. सूट देण्याच्या बाजूने पाच मुद्दे निघाले, विरोधात सहा. मग बाजूचा सहावा सुचला, आणि तो लिहीपर्यंत विरोधातला सातवा. प्रामाणिकपणे सांगायचं तर निष्कर्ष असा होता की माहिती अपुरी आहे. पण नोटिशीला निष्कर्ष नको होता, कागद हवा होता.

कागदाची हकिकत वेगळीच. पनवेलचे जुने लोक आमच्या प्रार्थनालयाला पूर्वीपासून 'इस्रायलांची मशीद' म्हणत आले, आणि जुन्या उताऱ्यावरही तेच लिहिलेलं. खिडकीवरच्या क्लार्कने उतारा पाहून सांगितलं, "मग तुमच्या जमातीकडून पत्र आणा." मी जवळच्या मशिदीत गेले. तिथल्या वयस्कर सेक्रेटरींनी चहा मागवला, उतारा दोनदा वाचला आणि म्हणाले, "बेटा, ही जागा आमची असती तर आम्हाला आनंदच झाला असता. पण नाहीये." मग त्यांनी सुवाच्य मराठीत पत्र दिलं की सदर इमारतीशी आमचा काहीही संबंध नाही, शेजारधर्म वगळता. आमच्या फाइलमधला सर्वांत स्पष्ट कागद तोच.

बुधवारी करनिरीक्षक कीर्ती मॅडम आल्या. त्यांनी लेझरने व्हरांड्यासकट सगळी इमारत मोजली: ८४६ चौरस फूट. मी आदल्या दिवशी टेपने मोजली होती: ८४६.४. आम्ही दोघींनी एकमेकींकडे जरा आदराने पाहिलं. तेवढ्यात त्यांची नजर व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे ठमाबाई टोपली घेऊन बसली होती. ती उरणजवळच्या करंजा गावची, पहाटे बंदरावरून मासे घेते आणि आमच्या व्हरांड्यात विकते.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"ठमाबाई."

"नाव नाही विचारत. वापर विचारतेय."

"वापर-बिपर काय नाय, बाय," ठमाबाई म्हणाली. "मी बसते. पस्तीस वरसां बसते. भाडा नाय, काय नाय. ह्यांना खवल्याचाच मासा लागतो, कोलंबी चालत नाय, मना सगला ठाऊक हाय. तुमाला काय देऊ? हलवा बघा कसा हाय."

मॅडमनी हलवा घेतला नाही. त्यांनी टॅबवर 'मासळी विक्री' लिहिलं. मग रिकाम्या बाकांकडे पाहून विचारलं, "उपासना?"

"शनिवारी असते."

"शनिवारी आमची सुट्टी असते."

"आमचीही," मी म्हणाले.

मॅडम भल्या. बेलपाड्याहून सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून यायला तयार झाल्या. अटी तीन. उपासना त्यांनी स्वतः पाहिली पाहिजे. आमच्याशी संबंध नसलेला एक पंच हवा. आणि ट्रस्टच्या दोघांच्या, म्हणजे सॉल अंकल आणि बेन अंकल यांच्या, सह्या त्याच दिवशी संध्याकाळी आठच्या आत टॅबवर व्हायला हव्यात, कारण आठला अॅप त्या दिवसाची नोंद बंद करतं. आणि तो शनिवार म्हणजे पंधरावा दिवस होता.

मी जवळजवळ उड्या मारत सॉल अंकलकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "शनिवारी सही?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या आमच्या विश्रामदिनी, आम्ही लिहीत नाही. विजेचं बटण दाबत नाही, गाडीत बसत नाही, लेखणी हातात धरत नाही. मी जन्मापासून हे पाहत आलेय. ज्या दिवशी उपासना दाखवता येते त्या दिवशी सही करता येत नाही, आणि ज्या दिवशी सही करता येते त्या दिवशी दाखवायला उपासना नसते. इतकं परिपूर्ण कुलूप मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

"शुक्रवारीच सही करून ठेवली तर?" मी विचारलं.

"जे घडलंच नाही त्याच्यावर?"

मी वरमले. प्रयोगाआधी निरीक्षणं लिहिणाऱ्या एका मुलाला आमच्या सरांनी वर्गाबाहेर काढलं होतं, आणि तेव्हा मी मान डोलावली होती. शेवटी असं ठरलं की शब्बाथ संपला की सह्या करायच्या. शब्बाथ संपतो शनिवारी संध्याकाळी, आकाशात तीन तारे दिसले की. फेब्रुवारीत सूर्यास्त सहा छत्तीसला. छापील कॅलेंडरात शब्बाथ संपण्याची वेळ सात पाच. अॅप बंद होणार आठला. पंचावन्न मिनिटं हातात होती.

"आणि हेखाल उघडलं पाहिजे," सॉल अंकल म्हणाले. "सरकारला अर्धी प्रार्थना दाखवायची नाही."

हेखाल उघडायला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर कपाट बंद राहतं. मी असते, आई असते, रिवका आंटी असते, आणखी चौघी असतात, पण आम्ही मोजल्या जात नाही. मोजमापाच्या शास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या व्यक्तीला हे थोडं लागतं. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं. सॉल अंकल म्हणाले होते, "बाय, नियम मी केला नाही. मी फक्त दार उघडतो."

दहावा पुरुष कोण, याचं उत्तर एकच होतं. मी ठाण्याला फोन लावला.

"म्हणजे," बेन अंकल म्हणाले, "मी जे बंद करा म्हणतोय, ते चालू ठेवायला मीच यायचं?"

"हो, अंकल."

"आणि शनिवारी गाडी नको म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी येऊन तिथेच झोपायचं?"

"खाट आहे, अंकल."

"खाट आहे," ते म्हणाले. फोन बंद झाला.

तरीही ते आले. स्वतःची उशी घेऊन आले.

मॅडमना मी साडेआठची वेळ दिली होती. त्या शनिवारी आठलाच हजर. प्रामाणिक अधिकाऱ्यांची हीच अडचण असते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्यात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि खांद्यावर टॉवेल अशा वेशात ट्रस्टचे सेक्रेटरी उभे होते.

"इथे कोण राहतं?" मॅडमनी विचारलं.

"कोणीच नाही," मी म्हणाले.

"मग हे कोण?"

"दहावे."

मॅडमनी टॅब काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत 'निवासी वापर' या चौकोनावर बोट नेलं. मी घाईघाईने दहा पुरुष, हेखाल आणि शनिवारची गाडी हे सगळं एका श्वासात सांगितलं.

"म्हणजे यांची झोप हा उपासनेचा भाग धरायचा?"

"माझा अनुभव विचाराल, मॅडम," मागून आवाज आला, "तर बऱ्याच ठिकाणी तोच मुख्य भाग असतो."

हे उदयसिंहकाका. पंच म्हणून मी त्यांनाच बोलावलं होतं. आम्हाला सूट मिळू नये असं मत असलेला माणूस आमच्या बाजूने खोटं बोलणार नाही, असा माझा तर्क होता. काकांना हा तर्क इतका आवडला की त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी खाट, उशी आणि चोवीस ताटं पाहिली, चूल आणि नळ नसल्याची खात्री केली, आणि बोट मागे घेतलं. बेन अंकलनी दार लावून घेतलं. आतून जोरात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बहुधा रॅकेट.

प्रार्थनेला सगळे जमले. तेव्हा सॉल अंकल दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "ठमाबाई, आज उकडतंय."

त्या सकाळी तापमान वीस अंश होतं आणि मॅडमनी स्वेटर घातला होता. ठमाबाई उठली, हात धुतले, आत आली, दोन पंखे आणि चार दिवे लावले, आणि पुन्हा टोपलीशी जाऊन बसली.

"हे काय होतं?" मॅडम कुजबुजल्या.

"शब्बाथला आम्ही बटण दाबत नाही. दाबा असं कोणाला सांगतही नाही. ते फक्त उकडतंय म्हणतात. गेली पस्तीस वर्षं."

"जानेवारीतही?"

"जानेवारीतही."

मॅडम विचारात पडल्या. "मग या बाई उपासनेला मदत करतात असं म्हणता येईल. व्हरांड्यातला वापर उपासनेशी निगडित होतो."

"हरकत!" उदयसिंहकाका दबक्या आवाजात म्हणाले. "बटणं दाबायला दोन मिनिटं. बाकीचे चार तास पापलेट."

तो मुद्दा तसाच राहिला, कारण हेखाल उघडलं होतं. सगळे उभे राहिले. सॉल अंकलनी सेफेर बाहेर काढलं, आणि बेन अंकल, ज्यांनी दोन वर्षं ते ठाण्याला न्यायचं म्हटलं होतं, त्यांनी वाट करून देण्यासाठी तीन पायांचं बाक अलगद सरकवलं. विटा कुठे आहेत हे त्यांना न पाहताच माहीत होतं. मॅडमनी ओढणी डोक्यावर घेतली आणि टॅबवर आकडा टाकला. मी डोकावले. 'उपस्थित उपासक : १७.'

"दहा," मी म्हणाले.

"सतरा. मी दोनदा मोजलेत. तुम्हाला धरून."

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

संध्याकाळी पावणेसातला आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून वर पाहत होतो. मॅडम बेलपाड्याहून दुसऱ्यांदा आल्या होत्या. ठमाबाईने उरणची गाडी सोडून दिली होती, "बगताव काय व्हते ते" म्हणून. आमच्या भागात दोन टॉवरच्या मधून आकाशाची जी पट्टी दिसते ती अंदाजे चाळीस अंश रुंद आहे, आणि त्या दिवशी तिच्यात तळोज्याकडचं धुरकं भरलं होतं.

सात पाच झाले. तारे शून्य.

"कॅलेंडरप्रमाणे संपला," बेन अंकल म्हणाले.

"कॅलेंडर मुंबईचं आहे," सॉल अंकल म्हणाले. "माझे वडील आकाश बघायचे."

"एक!" उदयसिंहकाका ओरडले.

तो एक नव्या विमानतळावर उतरला. त्यानंतरचे दोनही उतरले. सात तेराला पहिला खरा तारा दिसला, व्याध. आणि सात वीसला दिपिका पार्लरच्या पायरीवरून किंचाळली, "तीन! तीन आले! ते बघा, ते आणि ते!"

खरंच तीन ठिपके होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी टॅब पुढे केला. सॉल अंकलनी हात बाहीला पुसला. आणि मी म्हणाले, "त्यातला वरचा गुरू आहे. तो ग्रह आहे."

टाळ्या थांबल्या. रिक्षासुद्धा थांबल्यासारखी वाटली. माझ्या आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या शिक्षणावर झालेल्या सगळ्या खर्चाची तिला एकदम आठवण झाली असावी.

"ग्रह चालत नाही," सॉल अंकलनी हात खाली घेतला.

"तुला एम.एस्सी. करायला कोणी सांगितलं होतं?" बेन अंकल म्हणाले.

"पण तो लुकलुकत नाही," मी म्हणाले. याने परिस्थिती सुधारली नाही.

दिपिकाने टॉवरच्या गच्चीवर जायचं सुचवलं. चौदा मजले, आणि शब्बाथला लिफ्ट नाही. सात चाळीसला अॅपने सूचना दिली, 'वीस मिनिटे शिल्लक.' मॅडमनी टॅब पालथा धरला, जणू आम्हाला ते दिसू नये.

सॉल अंकलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते बेन अंकलचा दंड धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "मला काहीच दिसत नाहीये, बेन. मघापासून दिसत नाहीये. तू सांग. तू नाही म्हणालास तर नाही."

मी शेजारीच होते. मला एक गोष्ट स्पष्ट कळत होती. बेन अंकलनी आणखी वीस मिनिटं नुसतं गप्प राहायचं होतं. प्रार्थनालय बंद झालं असतं आणि त्यांच्याकडे कोणीही बोट दाखवलं नसतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर पाहत राहिले. सात सेहेचाळीसला ते म्हणाले, "पाण्याच्या टाकीच्या वर. तांबूस."

सगळ्यांनी पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ग्रह?" बेन अंकलनी विचारलं. त्यांचा आवाज जरा कोरडा होता.

मी पूर्ण दहा सेकंद पाहिलं. "लुकलुकतोय. मृग नक्षत्रातला काक्षी आहे. तारा."

सॉल अंकलनी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या आणि बोट पुढे केलं. टॅबने ते बोट तीनदा नाकारलं, कारण एकोणऐंशी वर्षांची कातडी त्याला कळेना. चौथ्यांदा ठमाबाईने आपल्या पदराने ते बोट चोळून कोमट केलं, आणि सही उमटली. बेन अंकलची एका झटक्यात. उदयसिंहकाकांनी शेरा सांगितला, "सूट देऊ नये असं माझं ठाम मत आहे. उपासना चालते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे." मॅडमनी दोन्ही वाक्यं टाइप केली.

"आता व्हरांडा," त्या म्हणाल्या. "मदत की विक्री? पाच मिनिटं आहेत."

मी 'मदत' म्हणणार होते. ठमाबाई मध्येच बोलली.

"इक्री लिवा, बाय. पस्तीस वरसां बसते, माजी जागा कुटंच लिवलेली नाय. उद्या कोन उठ म्हनला तर काय दाखवू? किती हाय ती मोजा नि लिवा. कर मी भरीन."

मॅडमनी लेझर काढला. अंधारात तो लाल ठिपका ठमाबाईच्या टोपलीवर, मग भिंतीवर गेला. सॉल अंकल काहीतरी बोलायला पुढे झाले, तर ठमाबाईने त्यांना हातानेच थांबवलं.

आदेश तेवीस दिवसांनी आला. एकूण बांधीव क्षेत्रफळ : ८४६ चौरस फूट. निवासी वापर : शून्य. सार्वजनिक उपासना, सर्वसाधारण करातून सूट : ८३७ चौरस फूट. मासळी विक्री, करपात्र : ९ चौरस फूट.